आठ अक्षरांत न मावलेली गावं

ऑपरेटिंग सिस्टिम निवडायला माझ्याकडे अकोल्याची बस सुटेपर्यंतचाच वेळ होता.

अमरावतीला राजकमल चौकामागच्या गल्लीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी लग्नाआधी दोन वर्षं शिकवत होते. तिथं नवी मशिनं आली आणि जुन्यांतलं एक मला मिळालं. क्लासचे सर भला माणूस, पण देताना त्यांनी आतलं सगळं पुसून टाकलं होतं. पेटी जागेवर, पडदा जागेवर, कीबोर्ड जागेवर, आणि चालू केलं की पडद्यावर एकच ओळ, की माझ्यात चालवायला काही नाही, फ्लॉपी घाला. आजच्या पोरांना हे सांगून पटत नाही. त्यांचा फोन खोक्यातून निघतो तोच बोलत निघतो. तेव्हा मशीन वेगळं मिळायचं, त्याचा जीव वेगळा मिळायचा, आणि कुठला घालायचा ते आपलं आपण ठरवायचं.

सरांनी टेबलावर दोन गठ्ठे ठेवले. एकात तीन फ्लॉप्या, दुसऱ्यात रबर लावलेल्या पंधरा-सोळा. तीनवाला डॉस. सोळावाली युनिक्सच्या जातीची मोठी सिस्टिम. ती मी क्लासात शिकवायचे आणि तिच्याबद्दल कुणी वाईट बोललं की भांडायचे. हार्ड डिस्क होती वीस एमबीची. माझ्या आजच्या फोनमधले पाच-सहा फोटो ठेवले की ती भरेल. दोन्ही सिस्टिमी मांडायची सोयच नव्हती.

"अगं, मोठीच घे ना," सर म्हणाले. "तुला येते. फाईलला चांगलं लांब नाव देता येतं. डॉसला काय, आठ अक्षरं दिली की पोट भरलं त्याचं."

मी तीच घेतली असती. पण मशीन मला माझ्यासाठी नको होतं. मामाजींसाठी हवं होतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. शाळा तपासणारे अधिकारी होते. अकोट-दर्यापूरकडची खेडी त्यांनी आधी सायकलवर आणि मग मोपेडवर पालथी घातली. तो सगळा खारपाणपट्टा. वर जमीन काळीभोर, कापूस बघत राहावा असा, आणि खाली विहिरीत पाणी खारट. चहात दूध घातलं की फाटतं, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तास तास उकळली तरी डोळे वटारून बघत बसते. पण मधूनच एखाद्या गावाला गोड पाणी लागतं. का लागतं, ते तिथं राहणाऱ्यांनाही सांगता येत नाही. या 'का'नं मामाजींना झपाटलं होतं. एकसष्ट गावं, दर गावाची एक वही. वर्षातून दोनदा, दिवाळी झाल्यावर आणि वैशाखात, शाळा तपासून झाली की ते गावच्या विहिरीवर जायचे, एक चूळ तोंडात घोळवायचे आणि जवळच्या घरातल्या बाईला विचारायचे, "बाई, डाळ किती वेळात शिजते?" पाणी गोड, मचूळ की खारं, आणि डाळीला किती वेळ, एवढंच वहीत लिहायचं. अशी एकवीस वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारणारही नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मी तोंडावर हसले होते. "मामाजी, तुम्ही शाळा तपासायचे का डाळ?"

"दोनी," ते म्हणाले. "मास्तर लोकं साहेब आला म्हणून फळा पुसून ठेवत. डाळ काही साहेबाले भेत नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही. त्यात वह्यांना वाळवी लागली. एक दिवस ते मला म्हणाले, "सूनबाई, मले एकडाव हे एकसष्ट गावं एकाखाली एक लावून पाह्यचे आहेत. डोळे जायच्या आत. याच्यात काहीतरी आहे पोरी. पण एक वही उघडली का दुसरी डोक्यातून निसटून जाते."

आमच्या घरात कुणी कुणाकडे काही मागत नाही. सासूबाई मीठ संपलं तरी 'मीठ संपलं वाटते' एवढंच म्हणायच्या. मामाजींनी असं सरळ मागितलं म्हटल्यावर मी ते मनावर घेतलं.

म्हणून सरांना विचारलं, "यातल्या कुठल्या सिस्टिमीत अक्षर मोठं होतं?"

सरांनी डॉसची फ्लॉपी घातली आणि एक छोटीशी आज्ञा टाइप केली. पडदा एकदा मिचकला आणि अक्षरं दुप्पट रुंद झाली. एका ओळीत ऐंशी मावायची तिथं चाळीस. मी तीन पावलं मागं सरकले. चष्मा काढला. वाचता येत होतं! आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा अंगावर काटा आला होता. अक्षर कागदावर एकदा उमटलं की उमटलं, ते आपल्या डोळ्यांच्या सोयीनं फुगत नाही, हे मी जन्मभर धरून चालले होते.

"मोठ्या सिस्टिमीत होईल हे?"

"या मशीनवर? नाही बुवा."

झालं. तीन फ्लॉप्या उचलल्या. सर म्हणाले, पस्तावशील. मी म्हटलं, बघू.

बसमध्ये पडदा मांडीवर घेऊन बसले. बडनेऱ्याला कंडक्टरनं विचारलं, "टीव्ही हाय का मॅडम?" खरं सांगितलं असतं तर मूर्तिजापूरपर्यंत समजावत बसावं लागलं असतं. "हो, टीव्हीच," म्हटलं.

अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. आम्ही मशीन समोरच्या खोलीत मांडलं आणि सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ ठरवला. नऊनंतर पेटी तापायची, कूलर लावावा तर ओलाव्याची भीती, आणि दुपारी तर लाइटच नसायची. पहिल्या सकाळी मामाजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. शाळा तपासायला जायचे तसेच. पडद्याशी नाक नेऊन त्यांनी एकेक चिन्ह वाचलं. सी. दोन टिंबं. तिरपी रेघ. बाण.

"हे काय म्हनते?"

"विचारतंय, काय करू म्हणून."

"अन् आपन काही सांगतलं नाही तर?"

"थांबतं."

"किती वेळ?"

"लाइट असेपर्यंत."

मामाजी थोडा वेळ त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत राहिले. "लय नम्र आहे बाप्पा," म्हणाले. "आपल्या खात्यात असा एक बी कारकून नव्हता."

मी त्यांना गंमत दाखवायची म्हणून दहा गावांची नावं कशीही टाकली आणि सॉर्ट म्हटलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत दहाही गावं अक्षरांच्या क्रमानं ओळीनं लागली. मामाजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "पुन्हा कर," म्हणाले. मी पुन्हा केलं. "पुन्हा." सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनाही दाखवलं. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि म्हणाल्या, "अगं माय! यादी लावायले आमच्या लग्नात तीन माणसं अन् चार दिवस लागले होते!" खरं सांगते, मीही थक्क होते. दोन वर्षं शिकवलं होतं हे, पण क्लासात ते परीक्षेचं होतं. इथं एका माणसाच्या एकवीस वर्षांना ते हात लावत होतं.

मग काम सुरू झालं. आधी मामाजींनी गावांना क्रमांक दिले, सातपुड्याच्या पायथ्यापासून खाली पूर्णा नदीपर्यंत, एक ते एकसष्ट. मग त्यांच्या फेऱ्यांप्रमाणे बांधलेल्या गठ्ठ्यांतून एक वही घ्यायची, एक फाईल. ते वाचायचे, मी रोमन अक्षरांत टाइप करायचे. वाळवीनं कागद चाळणीसारखा केलेला, वही उघडली की मांडीवर भुगा पडायचा. सुरुवातीला ते स्वतः वाचायचे, पुढं मी वाचून टाइप करू लागले आणि ते पडद्यावर बघून चुका काढू लागले. "थे 'मचूळ' नीट लिही. एक अक्षर खाल्लं तुनं." माझं डोकं फिरायचं. "मामाजी, मी खाल्लं नाही, बोट घसरलं!" "घसरलं म्हंजे खाल्लंच." शाळा तपासणारा माणूस घरात असणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आता माझी चूक सांगते. ती सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

मामाजी गावाचं नाव कधी अर्धं घेत नसत. पिंपळगाव म्हटलं की लगेच विचारायचे, खुर्द का बुद्रुक? आमच्याकडं एका नावाची दोन गावं असतात, मोठं ते बुद्रुक, लहान ते खुर्द, आणि खुर्दच्या माणसाला बुद्रुकचं म्हटलं तर तो चहा न घेता उठतो. म्हणून मी फाईलला पूर्ण नाव द्यायचे. पिंपळगावखुर्द, सलग, रोमनमध्ये. आठ अक्षरांचा नियम मला माहीत होता. शिकवला होता मी! पण मला वाटायचं, नाव लांब झालं तर डॉस कुरकुर करेल, अडवेल. त्यानं एकदाही अडवलं नाही. यादीत नाव आठच अक्षरांत दिसायचं, तर मी समजले की दाखवताना कापतो, आत पूर्ण ठेवत असेल. कुणाला विचारलं का? नाही. ज्या सरांना 'बघू' म्हणून आले, त्यांना कशी विचारणार! आमचा तोरा.

जूनच्या आधी एकसष्टावी वही संपली. दोन फ्लॉप्यांवर प्रतीही काढल्या. मामाजींनी विचारलं, "आता या वह्यांचं काय करू?" आणि मी, माझ्या याच तोंडानं, म्हटलं, "आता त्यांची काही गरज नाही मामाजी. सगळं आत आहे."

कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस तो. लिहिलेल्या वह्या रद्दीत घालणं त्यांच्यानं झालं नसतं, जाळणं तर नाहीच. देवाच्या जुन्या तसबिरी, फाटक्या पोथ्या नदीत सोडतात तशा त्यांनी त्या सोडायच्या ठरवल्या. यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, त्यांना स्कूटरवर अकोट रोडनं पूर्णेच्या पुलापाशी नेलं. मामाजींनी एकेक वही कपाळाला लावून पाण्यात सोडली. घरी आले तेव्हा फार खुशीत होते. "हलकं वाटून राहिलं," म्हणाले.

चार दिवसांनी सकाळी मी यादी लावायच्या तयारीत होते. मामाजी सहज म्हणाले, "दहिगाव खुर्दचा पहिला वैशाख वाच बरं. त्या वर्षी डाळीले पाऊण तास लागला होता, मले पक्कं वाटते."

मी फाईल उघडली. पहिल्याच ओळीत दहिगाव बुद्रुक.

वाटलं, माझ्याकडून नाव चुकलं. पुन्हा टाइप केलं, खुर्द. पुन्हा बुद्रुकच आलं. मग बुद्रुक मागितलं. तेच. अक्षर न् अक्षर तेच. फाईलींची यादी काढली. खाली यादीच्या शेवटी डॉस फाईलींची संख्या सांगतो, ती मी आजवर एकदाही वाचली नव्हती. एकोणपन्नास.

एकसष्टातून एकोणपन्नास गेले, बारा.

कसं झालं ते तिथंच लख्ख कळलं. आठ अक्षरांच्या पुढचं डॉस गुपचूप गिळत होता. खुर्दची फाईल आधी केली, मग बुद्रुकची करताना दोघांचं नाव त्याच्या लेखी एकच, म्हणून त्यानं खुर्दवर बुद्रुक लिहून टाकलं. ना विचारलं, ना सांगितलं. वडगावची जोडी तेवढी बचावली, त्याचं नाव रोमनमध्ये सातच अक्षरांचं, आठवं खुर्द-बुद्रुकचं वेगळं पडलं म्हणून. फ्लॉपीवरच्या प्रतीसुद्धा याच गोंधळाच्या काढलेल्या.

"वाचून नाही राहिली?" मामाजींनी विचारलं.

"लाइट जाईल असं वाटतंय, उद्या पाहू," मी म्हटलं आणि मशीन बंद केलं. तो दिवस आणि दुसरा दिवस मी घरात कशी वावरले, माझं मला माहीत. सासूबाईंवर खेकसले, भाजी करपवली. नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून अमरावतीला सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका शब्दानं 'सांगितलं होतं' म्हणाले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "वर लिहिलं गेलं की परत येत नाही गं," म्हणाले. "मोठी सिस्टिम घेऊन जा पाहिजे तर. निदान पुढं तरी हे होणार नाही."

तिसऱ्या सकाळी मामाजी धुतलेला सदरा घालून येऊन बसले आणि मला खोटं बोलवेना. रडत रडत सगळं सांगितलं. आठ अक्षरं, खुर्द, बुद्रुक, माझा तोरा, सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती गेले?"

"बारा."

"कोणते?"

मी नावं वाचली. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. बारा झाल्यावर म्हणाले, "वह्या मी बुडवल्या. तुनं नाही. डोळे पूस अन् लिहायले बस."

"काय लिहू?"

"दहिगाव खुर्द. पहिली दिवाळी. मचूळ. डाळ, एक तास."

मला वाटलं, माझं मन राखायला काहीतरी सांगताहेत. पण ते सांगतच गेले. पहिला वैशाख, गोड, पाऊण तास, "त्या दिवशी विहिरीवर एक बाई होती, लेक बाळंतपणाले आलेली, तिनं मले गुळाचा खडा देल्ता." तिसरी दिवाळी, त्या वर्षी सायकल पंक्चर, दोन कोस पायी. पाण्याची आठवण मागं-पुढं होत होती, माणसांची नाही. प्रत्येक चुळीला एक माणूस बांधलेला होता, तो माणूस हलवला की चव बाहेर यायची. माझी बोटं चालत होती आणि मी आ वासून ऐकत होते. सॉर्ट बघून त्यांनी खुर्चीचा हात धरला होता ना, तशी आता मी टेबलाची कड धरली होती.

आणि मधेच ते थांबायचे. डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "नाही आठवत. लिही, माहीत नाही."

"मामाजी, मागच्या-पुढच्या वर्षावरून अंदाजानं..."

"अंदाजानं डाळ शिजवते का कोनी?" आवाज चढला त्यांचा, पहिल्यांदा. "माहीत नाही म्हंजे माहीत नाही. तसंच लिही."

बारा गावांत अशा चाळीसच्या वर ओळी झाल्या, 'माहीत नाही'च्या. एकाही ठिकाणी त्यांनी गोड करून टाकलं नाही. ज्या गोष्टीसाठी त्यांचा जीव अडकला होता, तिच्यातसुद्धा नाही. मला इतका आदर दाटून आला की मी उठून त्यांच्या पाया पडले. "आता हे काय मधातच?" ते म्हणाले. "ओळ अर्धी राह्यली."

फाईलींना मी आता आखूड नावं दिली होती, सहा अक्षरं गावाची, दोन खुर्द-बुद्रुकची. एकदा विचारलंही, "मामाजी, अमरावतीहून ती दुसरी सिस्टिम आणू का? हा असला धोका नको."

"तिच्यात अक्षर मोठं होते?"

"नाही."

"मंग नको. इथं मले दिसते."

सातव्या-आठव्या गावाशी त्यांनी मला थांबवलं. "पोरी, पिंपळगाव खुर्दचं गोड आहे. बुद्रुकाचं वाच." मी वाचलं, गोड. "दहिगावचं?" दोन्हीकडं गोड, नाहीतर मचूळ. "निंभोऱ्याचं?" तेच. ते ताठ बसले. "या जोडगावांच्या मधातून नाला जाते. सगळ्याच. बाकीच्या गावाले नाला नाही." मग हळूच म्हणाले, "खुर्द अन् बुद्रुक माह्या दोन वेगळ्या फेऱ्यांत होते. नाल्यावर पूल नव्हता ना. म्हनून या दोन वह्या मी कधी शेजारी ठेवल्याच नाहीत. एकवीस वर्षं!"

डॉसनं नेमकी तीच गावं एकमेकांवर आणून टाकली होती, जी शेजारी ठेवून बघायची राहिली होती. त्याला काय कळत होतं? काही नाही. पण कळलं आम्हाला. खारट जमिनीच्या पोटातून नाल्यानाल्यानं गोड पाणी पूर्णेकडं चाललं होतं आणि ते आमच्या समोरच्या खोलीत सापडलं.

बारावं गाव संपलं तोवर पावसाळा अर्धा झाला होता. मामाजींचं चालणं बदललं होतं, पण ते माझ्या लक्षात येऊनही आलं नव्हतं. उंबऱ्याशी पाय चाचपडायचे. पडद्यावरच्या चुका काढणं त्यांनी केव्हातरी बंद केलं होतं, आणि मी खुळी समजले की माझं टायपिंग सुधारलं. रोज सकाळी मात्र ते येऊन पडद्याशी नाक नेऊन बसायचे.

मग तो दिवस आला. एकसष्ट गावं, दर गावाची एकच ओळ, क्रमांक, नाव आणि एकवीस वर्षांचा मिळून निकाल. मी अक्षरं रुंद केली आणि यादी लावली. एवढी यादी एका पडद्यावर मावत नाही, म्हणून डॉस एक पडदाभर दाखवून थांबेल आणि बटण दाबलं की पुढचं दाखवेल, अशी आज्ञा दिली होती. सासूबाई येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

"दिसते बरं," मामाजी म्हणाले आणि मोठ्यानं वाचायला लागले. शाळेत हजेरी घेतात तसं. एक, गावाचं नाव, गोड. दोन, गोड. पायथ्याची गावं ती. पाच, मचूळ. सात, खारं. मग नऊ आणि दहा, पिंपळगाव खुर्द, गोड, पिंपळगाव बुद्रुक, गोड. तिथं त्यांचा आवाज कापरा झाला. मी पडद्यावर नजर ठेवून होते, प्रत्येक ओळ बरोबर. चोवीसावी ओळ आली, दहिगाव बुद्रुक, गोड. पडदा भरला, खाली 'मोअर' असं लिहून डॉस थांबला. मी बटणाकडे बोट नेलं.

"पंचवीस," मामाजी म्हणाले. "खारं. सव्वीस, खारं. सत्तावीस, मचूळ."

माझं बोट तिथंच राहिलं. पडद्यावर पंचवीस नव्हतंच.

नाक काचेला टेकलेलं, मान ओळीगणिक खाली सरकवत, ते वाचत होते. डोळे उघडे होते. त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. केव्हापासून, देव जाणे. 'इथं मले दिसते' म्हणाले तेव्हाही दिसत होतं का? मी ज्या एका गोष्टीसाठी डॉस घेतला, ती गोष्ट वाया गेली असं मला वाटू नये म्हणून हा माणूस रोज सकाळी धुतलेला सदरा घालून आंधळ्या काचेसमोर बसत होता. आणि एकसष्ट गावं तो डोक्यात चालत होता, पायथ्यापासून नदीपर्यंत, एकामागं एक.

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांना माहीत होतं.

मी बटण दाबलं नाही. ऐकत राहिले. तीस. छत्तीस, निंभोरा खुर्द. चव्वेचाळीस, एक गाव असं होतं ज्याच्या फाईलीत निम्म्या ओळी भरताच आल्या नव्हत्या. "माहीत नाही," मामाजींनी खणखणीत आवाजात वाचलं आणि पुढं गेले. एकसष्टावर पोचून ते मागं टेकले. घाम आला होता त्यांना. चेहरा असा उजळला होता की तसा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

"पाह्यलं," ते म्हणाले. "सगळे पाह्यले."

मग मी हळूच बटण दाबलं. पुढची ओळ आली, पंचवीस, खारं. पुन्हा दाबलं. डोळ्यांतलं पाणी पुसत मी शेवटपर्यंत ताडून पाहिलं. एक ओळ इकडची तिकडं नव्हती.

"बरोबर वाचलं ना मी?" त्यांनी विचारलं.

"हो मामाजी," मी म्हटलं. "एक अक्षर खाल्लं नाही तुम्ही."